म्हातारीचा चौक

बोरगव्हाणला कारंजं हवं होतं, हीच मुळात थट्टा होती. आर्णीच्या पुढे माळावर वसलेलं हे तालुक्याचं गाव. उन्हाळ्यात इथे नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येतं, आणि येतं त्या दिवशी शाळेत मुलं कमी आणि गल्लीत बादल्या जास्त असतात. पण नगराध्यक्ष भगवानराव कुठल्याशा अभ्यासदौऱ्यावर जाऊन आले, तिथे त्यांनी चौकाचौकात उडणारं पाणी पाहिलं आणि त्यांच्या मनाने घेतलं. सौंदर्यीकरणाचा निधी आलेलाच होता. खर्च झाला नाही तर तो परत जाणार होता. आपल्याकडे बऱ्याचशा सुंदर गोष्टी याच भीतीने होतात.

काम मिळालं गौरीला. गौरी ही तहसील कार्यालयातून निवृत्त झालेल्या अनंतरावांची मुलगी. नागपूरला शिल्पकला शिकलेली, मुंबईत सिनेमाच्या सेटवर प्लॅस्टरचे खांब आणि थर्माकोलचे सिंह करून कंटाळलेली, आई गेल्यावर वडिलांसाठी परत आलेली. चाळिशी जवळ आली तरी लग्न केलं नाही म्हणून गावाच्या तोंडी कायमची बसलेली. आजवर तिने जे जे केलं ते दुसऱ्याच्या मनासारखं केलं होतं. नेत्यांच्या पुतळ्यांना पंधरा वर्षांनी तरुण करून दिलं होतं, गणपतीला सांगतील तो फेटा बांधून दिला होता. हे एक काम मात्र आपल्या मनासारखं करायचं आणि ते या गावात उभं राहिलेलं बघायचं, एवढीच तिची हाव होती. तिच्या डोक्यात चित्र तयार होतं, कारण ते तिने प्रत्यक्ष पाहिलं होतं.

गौरीच्या घरामागे, बुटक्या भिंतीपलीकडे मैनाबाईंचं घर. खातंपितं घर, कापसाची आणि तुरीची बरी शेती, मुलगा घनश्याम याचं चौकात खत-बियाण्याचं दुकान. नवरा वामनराव जाऊन बरीच वर्षं झालेली. नळाच्या दिवशी सगळ्यांच्या आंघोळ्या उरकल्या, सुनेचे कपडे झाले, पिंप भरलं, की मग मैनाबाई मागच्या अंगणातल्या दगडावर आंघोळीला बसायच्या. एकदा गौरी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा तिला त्या दिसल्या. लुगडं कमरेला गुंडाळलेलं, पाठ उघडी, छाती उघडी, लोंबलेली, आणि शेवटचा लोटा डोक्यावर पालथा धरून, तोंड वर करून त्या थेंबाची वाट बघत होत्या. बादली कधीच संपली होती. गौरी तिथून हलू शकली नाही.

तिने जाऊन सरळ विचारलं. मावशी, तुमची मूर्ती करू का, तशीच, आंघोळीला बसलेली, चौकात लागेल. आपण काय बोललो हे तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान तापले. मैनाबाईंनी मात्र निवडत असलेल्या तुरीचं सूप बाजूला ठेवलं.

"कर ना वं," त्या म्हणाल्या. "ते गेल्यापासून मले कोनी पाहातच नाही. कार्यात मांगं बस म्हनते, फोटोत बाजूले हो म्हनते. तुले पाहाचं हाय तं पाह्य."

यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गौरीने एक रिकामी शेड भाड्याने घेतली होती. डोळ्याच्या दवाखान्याचं निमित्त सांगून मैनाबाई एसटीने तिथे यायच्या, चहा प्यायच्या, लुगडं कमरेला खोचून पाटावर बसायच्या आणि बोलत राहायच्या. कोणत्या वर्षी बोंडअळी आली, वामनराव लग्नात किती बावळट दिसत होते, सून कशी भाजीत गूळ घालते. गौरी ऐकत असे आणि मातीवर हात चालवत असे. पोटाच्या वळ्या, खांद्याची हाडं, कपाळावरचं हिरवं गोंदण. काही सोडायचं नाही, काही सुधारायचं नाही, हा तिने स्वतःला घालून दिलेला नियम होता. नवरा गेला की कुंकू जातं, गोंदण जात नाही, हे तिने टिपलं होतं आणि त्या बारकाव्यावर ती मनातून फार खूश होती. इतकं निरखून पाहणारी आपण, असं तिला वाटायचं.

कारंजं असं होतं: मधे ही काळ्या सिमेंटची म्हातारी, पायाच्या सळया थेट चौथऱ्यात ओतलेल्या. चारी बाजूंनी पाण्याच्या धारा उठणार, तिच्याकडे झेपावणार आणि हातभर अलीकडेच पडणार. एक थेंबही तिच्या अंगावर येणार नाही. गौरीला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते नगरपालिकेच्या दारासमोर म्हणायचं होतं. लबाडी तिने केली नाही. खरंखुरं रेखाटन भगवानरावांपुढे ठेवलं होतं. पण ते फोनवर बोलत होते. त्यांनी एका हाताने कागद उलटसुलट केला, बाई हाय, भांडं हाय, पाणी हाय, जमलं, म्हणाले आणि सही ठोकली. नंतर मूर्ती कापडात गुंडाळूनच आली आणि प्रथेप्रमाणे अनावरणापर्यंत कापडातच राहिली, त्यामुळे गावाने काहीच पाहिलं नाही.

अनावरणाला जिल्ह्याहून एक मोठे साहेब आले होते. त्यांनी दोरी ओढली, कापड पडलं, टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. साहेबांच्या हातात दोरी तशीच राहिली. महिला मंडळाच्या अध्यक्षा जमनाबाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. मागून कोणीतरी फिदकन हसलं. खत-बियाण्याच्या दुकानाच्या पायरीवर घनश्याम उभा होता. गावाला ओळख पटायला थोडा वेळ लागला, त्याला लागला नाही. त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत जाऊन बसला.

संध्याकाळी तो अनंतरावांच्या घरी आला. आरडाओरडा करेल म्हणून गौरीने तयारी ठेवली होती, पण तो खुर्चीच्या कडेवर बसून नुसता फरशीकडे बघत राहिला. तुम्ही मावशींना विचारा, त्या आपल्या खुशीने बसल्या होत्या, असं गौरी म्हणाली.

"तिले काय विचारू?" घनश्याम म्हणाला. "तिले आजवर कोनी काही विचारलंच नाही. तिले नाही म्हनता येत नाही, हे तुमाले मालूम नव्हतं काय?"

 गौरीला राग आला. उत्तर नसलं की माणसाला राग येतोच.

पुढचे दिवस गावाने म्हाताऱ्या बाईच्या अंगाचा जो काय बाजार मांडला तो सांगायलाही लाज वाटते. पोरं तिच्या मांडीवर बसून रील काढायला लागली. दारव्ह्याहून, दिग्रसहून लोक मोटरसायकली काढून बघायला आले. ऑटोवाले ‘उघड्या म्हातारीपाशी’ म्हणून सवारी घ्यायला लागले आणि लग्नपत्रिकेत मंगल कार्यालयाचा पत्ता ‘म्हातारीचा चौक’ असा छापून आला. ज्या गावाला यवतमाळातही कोणी ओळखत नव्हतं, ते गाव या बाईमुळे ओळखू यायला लागलं. लाजही तिचीच आणि मिजासही तिचीच. पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही, हे मात्र एकालाही दिसलं नाही. पेपरात आलं, मोर्चात आलं, चहाच्या टपरीवर चघळलं गेलं ते फक्त छातीबद्दल. कोणी पाण्याचा विषय काढलाच तर एवढाच, की गावात प्यायला नाही आणि इथे उडवून राह्यले. तेच पाणी मोटारीने फिरतं, नवीन लागत नाही, हे गौरी सांगत राहिली आणि कोणी ऐकलं नाही.

एक बाई मात्र रोज यायची. दिवेलागणीच्या आधी मैनाबाई समोरच्या बंद बँकेच्या ओट्यावर येऊन बसायच्या. घनश्यामने मना केलं होतं, तरी यायच्या. आता या काय म्हणतील, म्हणून गौरी त्यांना लांबूनच बघायची. एकदा धीर करून ती शेजारी जाऊन बसली. मैनाबाईंनी बोट दाखवलं.

"खांदे चांगले काढले तू माहे," त्या म्हणाल्या. "ते म्हनत, तुह्ये खांदे गड्यावानी हायेत. मी इसरूनच गेलती." मग म्हणाल्या, "लोक हासून राह्यले तं हासू दे. हासले तं हासले, पन पाहून राह्यले."

त्या रात्री गौरीला शांत झोप लागली. मूर्ती उभी राहिली पाहिजे, हे आता तिच्या एकटीच्या हौसेपुरतं उरलं नव्हतं.

पण जमनाबाईंनी मोर्चा काढला. शाळेतल्या मुली या रस्त्याने जातात, त्यांनी काय शिकायचं, असा त्यांचा सवाल होता आणि तो त्यांनी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसून दिवसभर विचारला. निवडणुका तोंडावर होत्या. सभेत ठराव झाला, की मंगळवारी सकाळी जेसीबी लावून काढून टाकायचं. सळया चौथऱ्यात असल्याने काढणं म्हणजे फोडणंच होतं. गौरी भगवानरावांच्या घरी गेली, ओट्यावर ताटकळली. ते बाहेर आले, तिला बसवलं, चहा दिला. माणूस वाईट नव्हता. ताई, मला व्यक्तिशः काही त्रास नाही, पण मला मतं मागायला जावं लागतं, आणि सिमेंटची बाई मत देत नाही, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. काही झाकता येत असेल तर बघा, एवढं म्हणाले. गौरी म्हणाली, झाकायचं असतं तर मी केलंच नसतं. ती तावातावाने उठून आली. तेव्हाची तिची ही ऐट लक्षात ठेवण्यासारखी होती.

सोमवारी संध्याकाळी अनंतरावांनी लेकीचा चेहरा बघितला. मग तिचं मन रमावं म्हणून त्यांनी नोकरीतली एक जुनी गोष्ट काढली. कुठल्याशा रस्त्याच्या रुंदीकरणात मैलाचा एक दगड आडवा आला होता. तो काढायच्या आदल्या दिवशी कोणीतरी त्याला शेंदूर फासला. झालं, मजूर हात लावेनात. फाईल तीन साहेबांकडे फिरली आणि जिथल्या तिथे आली. शेवटी रस्ता वळवला, दगड राहिला.

"अजून तिथे एसटी वळून जाते," अनंतराव हसत म्हणाले. "त्या दगडावर आकडा होता, अंतराचा. तो आता कोणाला दिसत नाही, पण दगड आहे हो जागेवर."

गोष्ट सांगून झाली, अनंतराव आपल्यावरच खूश होऊन हसत राहिले. गौरी हसली नाही. ती उठली आणि आईची ट्रंक उघडली.

तांबडं फुटायच्या आधी बापलेक चौकात गेले. आईचं हिरवं इरकली लुगडं, हळदीकुंकवाच्या पुड्या, नारळ. डोक्यावर हात धरून बसलेल्या मूर्तीला लुगडं नेसवणं सोपं नव्हतं. गौरीने ते काखेतून घेतलं, खांद्यावरून ओढलं, गाठी मारल्या. महिनोन्‌महिने ज्या वळ्या तिने बोटांनी घडवल्या होत्या, त्यांवर तिने आपल्याच हातांनी पदर टाकला. हे काही दिवसांचं आहे, निवडणूक होऊ दे, मग काढून टाकू, असं ती वडिलांना म्हणाली आणि स्वतःलाही. मग तिने चिमटीत कुंकू घेतलं आणि बरोबर त्या गोंदणावर ठसठशीत टिळा लावला. नारळ फोडला. अनंतरावांनी सवयीने हात जोडले, आणि तिने त्यांना कोपराने ढोसलं तेव्हा दोघंही हसले.

जेसीबी आला तेव्हा उजाडलं होतं. ड्रायव्हर उकंडा खाली उतरला, जवळ गेला, आणि त्याने पायातल्या चपला काढल्या. नगरपालिकेचा इंजिनिअर ओरडत होता. उकंडा शांतपणे म्हणाला, साहेब, मी लेकराबाळांचा माणूस आहे, दुसऱ्या कोणाला सांगा. दुसरा कोणी मिळाला नाही. सकाळी दुधाला निघालेल्या दोन बाया थबकल्या, पाया पडल्या आणि गेल्या. दुपारपर्यंत मूर्तीपुढे फुलं आली होती. बापलेकीने घरी जिलबी आणून खाल्ली. सगळ्या गावाला आपण कसं बनवलं, या आनंदात गौरी दिवसभर होती, आणि खोटं कशाला बोला, इतका आनंद तिला अनावरणाच्या दिवशीही झाला नव्हता.

संध्याकाळी मैनाबाई आल्या. ओट्यावर बसल्या. गौरीने सगळा प्रताप रंगवून सांगितला. वाचवली ना मावशी तुम्हाला, असंही म्हणाली. मैनाबाई मूर्तीच्या कपाळाकडे बघत राहिल्या.

"लुगडं चांगलं हाय," एवढंच बोलून त्या उठल्या. नेहमीपेक्षा लवकर उठल्या, हे गौरीला दिसलं, पण त्याचा अर्थ तिला कळला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या थांबल्या. घनश्यामने अडवलं असेल, असं गौरीने धरलं.

पहिल्यांदा कोण्या बाईने ओटी भरली ते माहीत नाही. पण त्या आठवड्यात उशिराचा एक पाऊस पडला आणि तो या मायमुळे पडला असं ठरलं. मग मंगळवारी गर्दी व्हायला लागली. पाणीमाय असं नाव पडलं. ज्या पोरांनी तिच्या मांडीवर बसून रील काढली होती, त्यांनी तिथे मंडळ काढलं. भगवानरावांनी वाऱ्याची दिशा ओळखली. एका महिन्यात वर पत्रे, खाली टाइल्स, भोवती स्टीलचं रेलिंग. हातातला पालथा लोटा अशुभ दिसतो म्हणून त्यात फुलं खोचून तो कायमचा बुजवला. चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा चढला, मोठ्या डोळ्यांचा, गोऱ्या गालांचा, नथ घातलेला. आणि एक दिवस प्लंबर बोलावून कारंज्याच्या नळ्या वळवून घेतल्या. धारा पोचत नव्हत्या, हा दोष होता म्हणे. आता चारी धारा थेट मायच्या डोक्यावर पडायला लागल्या, अखंड अभिषेक. ते पाणी तीर्थ म्हणून लोक बाटल्यांतून घरी नेत, म्हणून टाकी रोज टँकरने भरायची. गावात नळ दहा दिवसांआडच येत होता. पाणी वाया चाललंय असं आता कोणी म्हणत नव्हतं.

नळ्या वळवल्या त्या दिवशी गौरी रेलिंग ओलांडून आत शिरली आणि तिने लुगड्याच्या गाठीला हात घातला. बायांनी तिला धरलं. मारलं नाही, नुसतं धरलं, अंगात आलेल्या बाईला धरतात तसं. ती ओरडून सांगायला लागली, की ही मी केली आहे, लोहाऱ्याच्या शेडमध्ये, सिमेंटची आहे, हे कुंकू मी लावलं, जेसीबी थांबवायला लावलं, ही देवी नाही. बाया शांतपणे ऐकत होत्या. जमनाबाई पुढे आल्या. मोर्चावाल्या जमनाबाईच आता ओटीच्या तबकाजवळ बसत.

"तुमीच लावलं, सगळ्याईले मालूम हाय," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "पन ते लावाची बुद्धी तुमाले कोनं देली ताई?"

आजूबाजूच्या बायांनी हात जोडले.  गौरी घरी आली आणि दार लावून बसली. भगवानरावांचा निरोप आला, की ताई, तुम्हीच वाचवा म्हणत होत्या ना, वाचली, आता पाडून दाखवावं कोणी. अनंतरावांनी ती गोष्ट सांगितल्याबद्दल लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही दगडाची गोष्ट सांगितली होती, लुगडं मी नेसवलं.

नवरात्रात अष्टमीला मोठा कार्यक्रम ठरला. सवाष्णींच्या ओट्या आणि त्यानंतर मूर्तिकाराचा सत्कार. गौरीने नाही म्हणून सांगितलं. मग जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावाहून निरोप आला, त्यांनाही पाणीमाय हवी होती, आणि त्याच आठवड्यात शेडच्या मालकाने भाड्यासाठी तगादा लावला.  अष्टमीला ती गेली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, तोंड पाडून, पण गेली.

चौक बायांनी फुलला होता. हिरवे चुडे, जरीची लुगडी, तबकं. रांग रेलिंगच्या आत जात होती, जमनाबाई एकेकीला कुंकू लावून पुढे सोडत होत्या. आणि त्या रांगेत गौरीला मैनाबाई दिसल्या. धुवट पांढरं पातळ, डोक्यावर पदर, हातात खण, तांदूळ आणि नारळ. कपाळावर नुसतं हिरवं गोंदण. शेजारच्या बाया जरा सरकून उभ्या होत्या. त्या जमनाबाईंपाशी पोचल्या तेव्हा जमनाबाईंचा हात तबकावर थांबला. मावशी, तुम्ही जरा मागे थांबा, सवाष्णींचं होऊ द्या, मग दुरून पाया पडा, असं त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं. कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. ज्यांची पाठ, ज्यांचे खांदे, ज्यांचं पोट आत अभिषेक घेत बसलं होतं, त्या मैनाबाईंना रेलिंगच्या बाहेर केलं गेलं आणि एकाही बाईच्या मनात काही आलं नाही, कारण मुखवट्याआड कोण आहे हे आता सगळे विसरले होते. लोकांना ती उघडी असताना ओळखू आली होती.

गौरी खुर्चीवरून उठून धावली. जमनाबाईंच्या तबकातून तिने चिमूटभर कुंकू उचललं आणि रेलिंगपाशी येऊन मैनाबाईंच्या कपाळाकडे हात नेला. मैनाबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या हाताला चांगला जोर होता.

"तिले तूच लावलं ना पह्यलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"हो मावशी."

"लोहाऱ्याले मी किती दिवस तुह्यापुढं बसून होती. हे गोंदन तू बोटानं चाचपून चाचपून काढलं." त्यांचा आवाज चढला नाही, त्यात रागही नव्हता. "तवा एक डाव माह्या कपाळाले लावून पाहावं, असं तुह्या मनात नाही आलं. त्या सिमेंटले लावाचं आलं."

गौरीने तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं, की मी हे असलं काही मानतच नाही, माझ्या लेखी कुंकू असणं-नसणं सारखंच, म्हणून सुचलं नाही. ते खरंही होतं. पण ते किती फालतू आहे हे बोलण्याआधीच तिला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची मनापासून किळस आली.

"आता लावते मावशी. सगळ्यांसमोर लावते."

"आता नको," मैनाबाई म्हणाल्या. "तू जाशीन नवी मूर्ती कराले. मले इथंच राहा लागते." त्यांनी मनगट सोडलं. ओटीचं सामान पदरात घेतलं आणि त्या रेलिंगला धरून कडेला उभ्या राहिल्या, जिथे त्यांना थांबायला सांगितलं होतं तिथेच.

तेवढ्यात माइकवरून भगवानरावांनी गौरीचं नाव पुकारलं. आपल्या गावची लेक, जिच्या हातून मायनं हे रूप करवून घेतलं, वगैरे. टाळ्या पडल्या. बाया मागे वळून बघायला लागल्या. गौरी तिथेच उभी होती, बोटांत कुंकू धरून. नाव पुन्हा पुकारलं गेलं. तिने मैनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. ते कुंकू तिने ओढणीला पुसलं आणि ती स्टेजवर गेली.

भगवानरावांनी तिच्या खांद्यांवर शाल घातली. जमनाबाई तबक घेऊन वर आल्या, त्यांनी अंगठ्याने गौरीच्या कपाळावर भरगच्च कुंकू रेखलं आणि हातात नारळ दिला. फोटोवाल्याने तिला जरा मधे सरकायला सांगितलं. ती सरकली.